रात्रपाळीचा कोठावळा

“अहो, खरं सांगा, रात्री उठून पेढा खाल्लात ना?”

शेजारच्या काकूंनी काकांना हा सवाल केला तेव्हा मी त्यांच्याकडे चहा घेत बसलो होतो. काकांच्या हातात लॅबचा रिपोर्ट होता: उपाशीपोटी साखर 118. काका 71 वर्षांचे, सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेलेली. आदल्या रात्री साडेसातला अर्धी भाकरी, वाटीभर दुधीची भाजी आणि ताक; त्यानंतर सकाळी साडेसातला रक्त देईपर्यंत फक्त पाणी. “अगं, बारा तास पोटात कण गेला नाही. जमेला काहीच नाही, मग शिल्लक वाढली कशी?” काकूंचा संशय अगदीच हवेतला नव्हता, फ्रिजमध्ये पुडा होता. पण त्या रात्री काका निर्दोष होते. ती साखर त्यांच्याच पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड तयार झाली होती.

हिशेब काकांच्याच पद्धतीने मांडू. प्रौढ माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. 100 मिलिलिटरमागे 100 मिलिग्रॅम साखर धरली तर सगळ्या रक्तात मिळून भरते पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकट्या मेंदूचा खर्च दिवसाला सुमारे 120 ग्रॅम, ताशी पाच. नुसत्या मेंदूने जरी या चमच्यावर जगायचं म्हटलं तरी तासाभरात खडखडाट. तांबड्या पेशींना तर ग्लुकोजखेरीज दुसरं काही चालतच नाही. आपण मात्र रात्री जेवून झोपतो आणि सकाळी उठून निवांत पेपर वाचतो. कुणीतरी रात्रभर तो चमचा भरत असतं, आणि सांडूही देत नसतं.

हे काम यकृताचं आहे हे कळायला 1848 साल उजाडावं लागलं. तोवर विद्वानांचं मत ठाम होतं: साखर बनवतात त्या वनस्पती, प्राण्यांनी ती खायची आणि जाळायची. पॅरिसमधल्या क्लोद बर्नार्ड नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला खरं तर एवढंच शोधायचं होतं की खाल्लेली साखर शरीरात नेमकी कुठे नाहीशी होते. हा द्राक्षमळ्यांच्या मुलखात जन्मलेला माणूस. तरुणपणी एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली, नाटक लिहिलं आणि ते बाडात घेऊन पॅरिसला गेला. तिथल्या एका समीक्षकाने सल्ला दिला की पोटापाण्यासाठी वैद्यक शीक. समीक्षकांनी जगाचं भलं केल्याची उदाहरणं थोडी आहेत, त्यांत हे धरायला हरकत नाही.

बर्नार्डने साखरेचा कणही न मिळालेल्या, नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं. आतड्यांकडून यकृतात शिरणाऱ्या रक्तात साखर नव्हती, यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात होती. मग 1855 मध्ये एक योग आला. यकृतातली साखर मोजताना तो एकाच यकृतावर लागोपाठ दोनदा मोजणी करत असे. एक दिवस वेळ अपुरा पडला आणि दुसरी मोजणी दुसऱ्या दिवसावर गेली. दुसऱ्या दिवशी साखर आदल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त निघाली. एखाद्याने चूक झाली म्हणून वही मिटली असती. बर्नार्डने नवं यकृत घेतलं, त्याच्या रक्तवाहिन्यांतून चाळीस मिनिटं गार पाणी सोडलं, बाहेर येणाऱ्या पाण्यात साखरेचा मागमूस राहीना तेव्हा थांबला, आणि ते धुतलेलं यकृत तसंच ठेवून दिलं. दिवसभराने पाहतो तर त्यात पुन्हा साखर! प्राणी मेला, रक्त धुऊन गेलं, तरी कोठीत काहीतरी शिल्लक होतं आणि त्याची साखर होत होती. ते ‘काहीतरी’ त्याने 1857 मध्ये वेगळं काढलं. तेच ग्लायकोजेन: ग्लुकोजचे कण एकमेकांना जोडून केलेला, फांद्या फुटलेला साठा. तांदळात स्टार्च असतो, तसा आपल्यात हा. 1878 मध्ये बर्नार्ड वारला तेव्हा फ्रान्सने त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली. शास्त्रज्ञाला तो मान तिथे पहिल्यांदाच मिळाला.

या अवयवाला आपल्या भाषांनी एके काळी जास्त मान दिला होता असं वाटतं. खाटकाकडे मिळते ती कलेजी म्हणजे यकृत आणि जिगरी दोस्तातलं ‘जिगर’ हेही यकृतच. मराठीतलं काळीज मात्र हळूहळू सरकत छातीत डाव्या बाजूला जाऊन बसलं. यकृताला राहिली ती कावीळ आणि दारू.

तर हा सव्वा ते दीड किलोचा कोठावळा. त्याची जागाच मोक्याची आहे. आतड्यांतून शोषलेलं अन्न घेऊन येणारी पोर्टल शीर थेट यकृतात उघडते, म्हणजे जेवणातली साखर अंगभर फिरण्याआधी कोठावळ्याच्या दारातून जाते. त्याच शिरेत स्वादुपिंडाचं इन्सुलिनही पडतं. त्यामुळे इन्सुलिनचा निरोप सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्या आवाजात यकृताला ऐकू जातो. पहिल्याच फेरीत सुमारे निम्मं इन्सुलिन तिथेच खर्ची पडतं. निरोप साधा असतो: माल आलाय, भरून ठेव, बाहेर देणं बंद कर. जेवण होऊन काही तास गेले की इन्सुलिन उतरतं, स्वादुपिंडाचंच दुसरं संप्रेरक ग्लुकागॉन चढतं, आणि निरोप उलटा होतो.

भरलेल्या कोठीत साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन मावतं. स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट असतं, पण ते काही कामाचं नाही. ग्लुकोजला पेशीबाहेर सोडण्यासाठी लागणारं शेवटचं एन्झाइम स्नायूंकडे नाहीच. त्यांचा साठा म्हणजे कंजूष भाऊबंदाचं पेव: भरलेलं आहे, पण शेजारी उपाशी मेला तरी उघडणार नाही. यकृताकडे ते एन्झाइम आहे. ज्या बाळांत ते जन्मतःच नसतं त्यांचं यकृत ग्लायकोजेनने फुगत जातं आणि रक्तातली साखर मात्र दोन दुधांच्या मध्ये धोकादायक खाली जाते. कोठार तुडुंब आणि घरात उपास. 1952 मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने हे कोडं सोडवलं.

कोरींचं नाव मुख्यतः वेगळ्या गोष्टीसाठी घेतलं जातं. कोठी रात्रभरात बरीच उपसली जाते, मग यकृत साखर नव्याने घडवायला घेतं. कच्चा माल इकडून-तिकडून येतो: स्नायूंतली अमिनो आम्लं, चरबीतलं ग्लिसरॉल, आणि मेहनत करताना स्नायूंनी टाकून दिलेलं लॅक्टेट. हे लॅक्टेट रक्तातून यकृतात येतं, तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं आणि ते स्नायूंकडे परत जातं. सोनाराकडे जुनी मोड देऊन नवा दागिना करून घ्यावा तसाच हा व्यवहार, आणि घडणावळ चुकत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूचं लॅक्टेट करताना स्नायूला ऊर्जेची दोन नाणी मिळतात; ते पुन्हा घडवताना यकृताची सहा जातात. तोटा यकृत सोसतं, चरबी जाळून. 1947 मध्ये कोरी पतिपत्नींना नोबेल मिळालं. वैद्यकाचं नोबेल मिळवणाऱ्या गर्टी या पहिल्या स्त्री.

आपल्याकडच्या उपवासांकडे या नजरेने पाहायला मजा येते. निर्जळी एकादशी करणाऱ्याचं यकृत दुपारपर्यंत कोठी उपसत असतं आणि संध्याकाळी घडाईवर आलेलं असतं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे गोड काप असा उपवास असेल तर त्याला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच माल भरावा लागतो. एकादशी अन् दुप्पट खाशी हे यकृताला अक्षरशः लागू पडतं.

ही घडाई बंद पडली तर काय होतं, ते बिहारमधल्या मुजफ्फरपूरने पाहिलं. दर उन्हाळ्यात लिचीच्या हंगामात तिथली गरीब घरांतली मुलं पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडत आणि दगावत. मेंदूज्वर म्हणून विषाणू शोधले गेले, कीटकनाशकांवर संशय घेतला गेला. 2014 च्या हंगामात दोन रुग्णालयांत 390 मुलं दाखल झाली, त्यांतली 122 वारली. त्या साथीचा भारतीय आणि अमेरिकी तज्ज्ञांनी मिळून केलेला अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. लिचीत, विशेषतः तिच्या बीत आणि कच्च्या फळात, असे दोन पदार्थ असतात की जे चरबी जाळण्याची वाट अडवतात, आणि त्यासोबत साखर घडवण्याचीही. चांगल्या पोसलेल्या, रात्री जेवलेल्या मुलाला त्याने सहसा काही होत नाही, कारण कोठीत माल असतो. ही मुलं दिवसभर बागांत लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेली. पहाटेपर्यंत कोठी संपली, घडाईचं दार बंद, आणि तो एक चमचा रिकामा झाला. यावर उपाय सांगितला गेला तोही तसाच साधा होता: मुलाला रात्री उपाशी झोपू देऊ नका, आणि झटका आला तर आधी ग्लुकोज द्या. (रिकाम्या पोटी भरपूर दारू पिणाऱ्याची साखर पहाटे कोसळते, तिथेही अडतं ते हेच दार.)

आता काकांकडे परत येऊ. त्यांचा कोठावळा उलट्या दोषाचा धनी: दार बंद करायचं तेव्हा करत नाही. पहाटेच्या सुमाराला कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक शरीराला उठण्यासाठी तयार करतात, आणि यकृताला थोडी जास्त साखर सोडायला सांगतात. तरुण, सडपातळ माणसात इन्सुलिन लगेच लगाम घालतं. यकृताला इन्सुलिन ऐकू येईनासं झालं की लगाम सैल पडतो, आणि सकाळी उठल्यावरचा आकडा चढा निघतो. म्हणून उपाशीपोटीची साखर वाचताना रात्रीच्या जेवणाकडे बोट दाखवण्यात फारसा अर्थ नसतो. तो आकडा यकृताचा असतो. जेवणानंतरच्या आकड्यात स्नायूंचाही मोठा वाटा असतो.

यकृत बहिरं होतं ते म्हातारं होतं म्हणून का? माझी समजूत तशीच होती. वयाबरोबर यकृताचा आकार घटतो, त्यातून वाहणारं रक्तही बरंच कमी होतं, हे खरं. पण 2022 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या ओलाफ बर्गमान यांच्या गटाने एक भन्नाट मोजणी प्रसिद्ध केली. 1963 च्या करारापर्यंत महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या, त्यामुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला आणि नंतर दरवर्षी थोडा थोडा उतरत गेला. पेशी जन्मताना तिच्या डीएनएत त्या वर्षीच्या हवेचा शिक्का बसतो. तो शिक्का वाचून त्यांनी 20 ते 84 वर्षांच्या माणसांच्या यकृतपेशींचं वय काढलं. सरासरी निघाली तीन वर्षांहून कमी, विशीतल्या माणसाची आणि ऐंशीतल्या माणसाचीही. म्हणजे काका 71 चे असले तरी त्यांचं यकृत बालवाडीत जाण्याच्या वयाचं आहे.

मग बिघडतं काय? बहुतेकदा यकृतातली चरबी. वय वाढतं तसे स्नायू घटतात, म्हणजे जेवणातली साखर उचलणारं मोठं गिऱ्हाईक कमी होतं. जादा साखरेची यकृत चरबी करतं. कातडीखाली चरबी ठेवायची जागा संपली की ती पोटात, आतड्यांभोवती आणि खुद्द यकृतात साचते. चरबीने भरलेली यकृतपेशी इन्सुलिनचा निरोप नीट घेत नाही. स्वादुपिंड आवाज वाढवतं, जास्त इन्सुलिन सोडतं, आणि काही वर्षांनी थकतं.

इथे पुण्याचा संबंध येतो. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. उंची-वजनाच्या गुणोत्तराने दोघे तंतोतंत सारखे, 22.3, दोघेही कागदावर सडपातळ. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं 9.1 टक्के आणि याज्ञिकांचं 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांच्या याज्ञिकांनी केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं: इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने खूपच कमी, पण स्नायूंत जेवढी कमी तेवढी चरबीत नाहीत. “मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?” असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या असंख्य लोकांचं उत्तर त्या एका फोटोत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 च्या पाहणीने देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आणि 13 कोटींहून अधिक उंबरठ्यावरचे मोजले. काका दुसऱ्या यादीतले.

चरबी हटली तर कोठावळ्याचे कान उघडतात का, हे न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी 2011 मध्ये अवघ्या 11 मधुमेहींवर पाहिलं. दिवसाला सुमारे 600 कॅलरी, आठ आठवडे. फार कडक उपास, वैद्यकीय देखरेखीखालीच करण्यासारखा. पहिल्या सात दिवसांतच यकृतातली चरबी 30 टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर मधुमेह नसलेल्या माणसांइतकी झाली. वजन अजून फार कमी झालेलं नव्हतं. पोट होतं तिथेच होतं. आधी रिकामं झालं ते यकृत. पुढच्या मोठ्या चाचणीत, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या रुग्णांपैकी 46 टक्क्यांचा मधुमेह वर्षाअखेर औषधांविना माघारी गेला. दोन वर्षांनी हा आकडा 36 वर आला. वजन राखणं हे उतरवण्यापेक्षा अवघड, हे सांगायला चाचणीची गरज नव्हती.

जरा चढी साखर असली तर असं काय बिघडतं, असं काकांनी विचारलं होतं. “दुखत तर काहीच नाही.” थालीपिठाची भाजणी भाजताना धान्य-डाळी तांबूस होतात आणि घरभर खमंग वास सुटतो, त्यामागे साखर आणि प्रथिनं यांचं एकमेकांना चिकटणं असतं. 1912 मध्ये फ्रान्सच्या मायार यांनी ते वर्णिलं. कढईत ते मिनिटांत होतं. अंगात 37 अंशांवर तेच अत्यंत संथपणे, वर्षानुवर्षं चालू असतं. आपण सगळेच मंद आचेवर भाजले जात असतो. साखर जितकी जास्त तितकी आच मोठी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी मोजते ती तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला अशी चिकटलेली साखरच. तेहरानच्या सॅम्युअल रहबर यांना हा फरक 1960 च्या दशकाअखेर मधुमेहींच्या रक्तात दिसला.

तांबडी पेशी 120 दिवसांत मोडीत निघते, तिच्याबरोबर तिची भाजणीही जाते. पण डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं जन्मापासून बदलतच नाहीत. त्वचेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला पंधराएक वर्षं लागतात आणि सांध्यातल्या कूर्चेतलं बदलायला शंभराहून जास्त, म्हणजे व्यवहारात कधीच नाही. भिंग पिवळं पडतं, रक्तवाहिन्यांच्या भिंती ताठरतात, कूर्चा ठिसूळ होते. म्हातारपणाची म्हणून आपण जी चिन्हं मोजतो त्यांतली काही अशी आहेत. मला यातली विसंगती विलक्षण वाटते. स्वतः तीन वर्षांच्या आत कात टाकणारा अवयव, आणि त्याने सोडलेली साखर जाऊन चिकटते ती जन्मभर न बदलणाऱ्या गोष्टींना.

यकृताला दार लावायला सांगणारं औषध आपल्याकडे घराघरात आहे: मेटफॉर्मिन. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची एक वनस्पती जुन्या काळापासून औषधात होती. तिच्यातल्या रसायनाच्या नात्यातलं हे औषध 1957 मध्ये फ्रान्सच्या जॉं स्टर्न यांनी मधुमेहासाठी पुढे आणलं. ते इन्सुलिन वाढवत नाही. यकृताची नवी साखर घडवण्याची गती कमी करतं. त्याच घराण्यातलं फेनफॉर्मिन 1970 च्या दशकात बऱ्याच देशांनी मागे घेतलं, कारण त्याने घडाई फारच अडे आणि वापरलं न गेलेलं लॅक्टेट रक्तात साठून माणसं दगावत. अमेरिकेने त्या धास्तीने मेटफॉर्मिनला 1994 पर्यंत ताटकळत ठेवलं.

अलीकडे हेच औषध म्हातारपण लांबवतं म्हणून मधुमेह नसलेलेही घेऊ लागलेत. माझं मत विचाराल तर घाई आहे. नेटाने केलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत नुसत्या मेटफॉर्मिनने आयुष्य ठळकपणे वाढलं नाही. 65 च्या पुढच्या निरोगी लोकांना चौदा आठवडे वजनं उचलायला लावली, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी वाढले. मधुमेही माणसाला औषध लागतं ते लागतंच, पण साखर उचलणारं गिऱ्हाईक निरोगी म्हाताऱ्याने असं गमावणं मला सौद्यात बसत नाही. 65 ते 79 वयाच्या सुमारे 3,000 लोकांवर याची रीतसर चाचणी घेण्याची योजना अमेरिकेत नीर बार्झिलाई यांनी कधीची मांडून ठेवली आहे. जुन्या, स्वस्त गोळीत कुणा कंपनीला पैसे दिसत नाहीत, त्यामुळे तिला निधीची अडचण.

स्नायूंवरून आठवलं, व्यायामाने मेंदू ताजा राहतो याचं श्रेयही काही अंशी यकृताकडे जावं. सान फ्रान्सिस्कोच्या सॉल व्हिलेडा यांच्या गटाने 2020 मध्ये चाकात पळणाऱ्या म्हाताऱ्या उंदरांचा रक्तद्रव बसून राहिलेल्या म्हाताऱ्या उंदरांना दिला, तर बसलेल्यांची स्मृती सुधारली. मागे निघालं यकृताने सोडलेलं एक एन्झाइम. माणसांत असंच घडतं असं म्हणायला अजून वेळ आहे, पण रोज चालणाऱ्या वृद्धांच्या रक्तात ते जास्त आढळलं खरं.

काकांच्या डॉक्टरांनी त्यांना औषध दिलं नाही. वयस्कर माणसाची साखर ओढून ओढून खाली आणली की रात्री ती कोसळून घसरून पडण्याची, हाड मोडण्याची भीती मोठी असते. म्हणून सत्तरीपुढे डॉक्टर आकड्यांबाबत हात थोडा सैल ठेवतात. संध्याकाळचं फिरणं जेवणानंतर करा आणि हातापायांना थोडं वजन उचलायला लावा, एवढं सांगितलं. आणि काका हिशेबनीस असल्यामुळे त्यांच्यापुरतं एक जास्तीचं काम दिलं: दोन दिवस पहाटे तीनला उठून बोटातलं रक्त मोजा, मग सातला पुन्हा.

काकांनी गजर लावला. अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला, सुई टोचली. 102. वहीत लिहिलं. सातला पुन्हा मोजलं तर 117, मध्ये थेंबभर पाणीसुद्धा नाही. चार तासांत यकृताने केलेली जमा आता लेखी पुराव्यानिशी त्यांच्या हातात होती, आणि ती वही घेऊन ते माझ्याकडे आले. तीन वाजता दिवा लागल्याबरोबर आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला होता म्हणे: “पुडा वरच्या कप्प्यात ठेवलाय हं मी.”